तुम्ही विचारलंत म्हणून: गावच्या तलावाला पोकलेन द्यावं का?

पुण्या-मुंबईत स्थिरावलेली मंडळी गावासाठी वर्गणी काढतात आणि विचारतात, "'नाम'सारखं आम्हीही गावतलावाचा गाळ काढायला पोकलेन लावून देऊ का?" जरूर द्या. पण त्याआधी गावातल्या ट्रॉल्या मोजा.

नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी 2015 साली नाम फाउंडेशन सुरू केलं, ते आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना हातभार लावण्यापासून. पुढे नाले-तलावांची कामं आली, त्यात यंत्र संस्थेचं आणि गावाचाही वाटा. ही वाटणी आम्हाला मोलाची वाटते. ज्या गावानं काहीच घातलं नाही, तिथं पुढच्या उन्हाळ्यात तलावाकडे कुणी फिरकत नाही.

आता हिशोब. काढलेला गाळ शेतात पसरायचा असतो. एकरभर रानावर त्याचा चार इंचांचा थर द्यायचा तर सुमारे 400 घनमीटर गाळ लागतो. म्हणजे 140 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), ब्रासभर मावणाऱ्या ट्रॉलीच्या 140 खेपा. ट्रॉली भरायला पाच मिनिटं आणि जाऊन-येऊन चाळीस मिनिटं लागत असतील, तर आठ-नऊ ट्रॉल्या सतत फिरत्या हव्यात. चारच असल्या तर पोकलेन निम्मा वेळ उभं राहतं आणि भाडं तासावर चढत जातं.

आणि इथंच लहान शेतकरी मागे राहतो. ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याच्या रानात गाळ. शासनाच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत 2023 पासून अल्प आणि अत्यल्प भूधारकांना गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला 35.75 रुपये अनुदान आहे, एकरी 15,000 रुपयांपर्यंत, तेही अडीच एकरांच्या मर्यादेत. पण डिझेलवाला अनुदानाची वाट बघत थांबत नाही. म्हणून वर्गणीतला निम्मा पैसा वाहतुकीसाठी राखून ठेवा, असं आमचं ठाम सांगणं आहे. विधवा शेतकरी, एक-दोन एकरवाले यांची नावं आधी लिहा, खेपांची वही ग्रामपंचायतीत सगळ्यांना दिसेल अशी ठेवा.

तलाव ज्या खात्याचा, त्याची लेखी परवानगी मार्चच्या आधीच घ्या. तलावाच्या भरावाच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी पोकलेनचं बकेट लावू देऊ नका, भराव कमकुवत होतो. गाळ संपून मुरूम दिसला की थांबायचं. त्याखाली खोदलं तर साठवणीचं पाणी मुरून जातं आणि मुरूम रानात पडला तर रान बिघडतं. वाळू काढायला योजनेत बंदीच आहे.

गाळ हलक्या, मुरमाड जमिनीलाच द्या. काळ्या चिकण रानात टाकला तर निचरा आणखी बिघडतो. आधी माती परीक्षण करून क्षार तपासा. ढीग तसेच ठेवू नका, लगेच पसरा. वळवाच्या पावसानं ढेकळं विरघळली की वखराची पाळी द्या. शेणखत मात्र त्या वर्षीही घालावंच लागतं.