मलमाने खाज थांबली, गजकर्ण नाही

मांडीच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा लाल चट्टा उठला आणि रात्रीची झोप उडाली. जागा अशी की दाखवायची लाज वाटली. घरात पडलेलं एक मलम लावलं. दोन दिवसांत खाज थांबली, लाली उतरली, वाटलं सुटले. पण मलम बंद केलं की आठवड्याभरात चट्टा परत यायचा, दरवेळी थोडा पुढे सरकलेला. तीन महिन्यांत तो कमरेपर्यंत पोचला.

त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, "यात स्टेरॉइड आहे, माहीत होतं?" नव्हतं.

त्यांनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा पात्याने काचपट्टीवर खरवडून घेतला. बुरशी जोमात असते ती कडेलाच. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. त्याने कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशी तशीच राहते. सूक्ष्मदर्शकातून मलाही बघू दिलं. फांद्या फुटलेले, मध्ये मध्ये पडदे असलेले पारदर्शक धागे. माझ्या अंगावर हे वाढतंय, या विचाराने पोटात गोळा आला.

ही बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन हे प्रथिन खाऊन जगते. तिच्या पेशीभिंतीतलं ग्लुकान (एक प्रकारची शर्करा) आपल्या प्रतिकारपेशी ओळखतात आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. लाली, सूज, खाज ही बरीचशी त्या झटापटीची. मी इतके दिवस स्टेरॉइडने ती झटापटच दाबत होते आणि बुरशीला मोकळं रान मिळत होतं. हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. ट्यूबवर हे ठळक अक्षरात का छापत नाहीत?

लिव्हरची तपासणी करून इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं, कॅप्सूल जेवणानंतरच घ्यायची. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल हा चरबीसारखा पदार्थ लागतो, तो हे औषध बनू देत नाही. स्टेरॉइड थांबल्यावर पहिला आठवडा अक्षरशः आग झाली, लाली पूर्वीपेक्षा वाढली. पण आता ती कशाची हे ठाऊक होतं, म्हणून दात-ओठ खाऊन सोसलं. कपडे, टॉवेल वेगळे ठेवले, गरम पाण्यात धुतले.

सहाव्या आठवड्यात कातडी साफ दिसली, तरी डॉक्टरांनी आणखी दोन आठवडे औषध चालू ठेवलं. काळे डाग हळूहळू फिके होताहेत. स्टेरॉइडने कातडी पातळ होऊन जांघेत उमटलेल्या रेघा मात्र आहेत तशाच आहेत.