शनिवारची दहा मिनिटे

वडोदऱ्याच्या हरणी विमानतळावर मी पिस्टन इंजिनांच्या लहान विमानांची देखभाल करते. प्रशिक्षणाची विमाने दिवसभर चढउतार करत असतात. त्यांचे टायर आणि ब्रेक झिजतात, दारांच्या कड्या सैल होतात, पण इंजिने सहसा ठणठणीत असतात. खासगी मालकाचे विमान हँगरात आले की मी उलट्या टोकापासून पाहायला लागते, कारण त्याची रंगरंगोटी आणि आसने उत्तम असतात आणि जे काही बिघडलेले असते ते उभे राहून बिघडलेले असते.

मी सांगते आहे ते विमान १९७५ सालचे सेस्ना १७२-एम होते. चार आसने, वर पंख आणि पुढे लायकॉमिंगचे १५० अश्वशक्तीचे ओ-३२० इंजिन. मालक दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घराण्यातले, साठी ओलांडलेले गृहस्थ, मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत पंपांचे शाफ्ट बनवण्याचा त्यांचा कारखाना आहे. मी त्यांना काका म्हणते आणि ते मला ताई म्हणतात, वयात एवढे अंतर असूनही. विमानाविषयी त्यांची हयगय कधी नव्हती. प्रत्येक लिटर इंधनाची नोंद, प्रत्येक तासाची नोंद, भाड्याच्या हँगरातही जमिनीवर तेलाचा डाग नाही. पावसाळ्यात मात्र ते उडवत नसत. त्यांच्याकडे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे रेटिंग नव्हते, आणि खाली उतरलेल्या ढगांत नजरेच्या भरवशावर उड्डाण करण्याचा मोह त्यांना कधी झाला नाही. हे त्यांचे शहाणपणच म्हणायचे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात त्यांना जळगावला जायचे होते. थोरल्या बहिणीचे सहस्रचंद्रदर्शन होते आणि भावाने स्वतःचे विमान चालवत यावे अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. वार्षिक तपासणीही त्याच सुमारास येत होती. तपासणी करून, प्रमाणपत्रावर माझी सही घेऊन, दोन दिवसांनी निघायचे असे त्यांनी ठरवले होते.

सकाळी काम सुरू केले तेव्हा विमानाने मला संशयाला जागाच दिली नाही. वेग मोजणाऱ्या पिटो नळीवर लाल फडक्याचे आवरण होते, त्यामुळे कुंभारमाशीला आत मातीचे घर बांधता आले नव्हते. इंजिनाच्या आवरणाखाली साळुंकीची एक काडीदेखील नव्हती. पंखांतल्या टाक्यांच्या तळातून काढलेले इंधन निळे आणि स्वच्छ होते, पाण्याचा एक थेंब तळाशी बसला नव्हता. मिनिटाला १७०० फेऱ्यांवर प्लगांना ठिणगीची वीज देणारे मॅग्नेटो तपासले, तर एकाच मॅग्नेटोवर चालवताना फेऱ्यांत होणारी घट मर्यादेच्या बरीच आत होती. मग कॉम्प्रेशनची चाचणी: प्रत्येक सिलिंडरात ८० पीएसआय दाबाची हवा सोडून किती टिकते ते पाहिले. चारही आकडे सत्तरीच्या वर. अशा आकड्यांवर बहुतेक मालक खूश होतात आणि बहुतेक इंजिनिअरही.

स्पार्क प्लग बाहेर काढले तेव्हा मात्र मी थांबले. प्रत्येक सिलिंडराला वर एक आणि खाली एक असे दोन प्लग असतात. वरचे ठीक होते. खालच्या चारांत करड्या रंगाचे, बाजरीच्या दाण्याएवढे शिशाचे मणी अडकलेले होते. या विमानांच्या पेट्रोलमध्ये, म्हणजे एव्हगॅस १०० एलएलमध्ये, शिसे असते आणि इंजिन पुरेसे गरम झाले तर ते धुराबरोबर निघून जाते. इंजिन थंड आणि फेरे कमी असले की ते प्लगांत साचते. उन्हाळ्यात उडालेल्या आणि नंतर चार महिने बंद राहिलेल्या इंजिनात एवढे शिसे कुठून आले, हा प्रश्न होता. विमान उडाले नव्हते, पण इंजिन बंदही राहिले नव्हते, हे त्या मण्यांनीच सांगितले.

मग तेलाचा फिल्टर काढला. फिल्टर काढून फेकायचा नसतो, कापायचा असतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याने इंजिनाजवळ जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. डब्याचे झाकण गोल कटरने कापले, आतला घड्या घातलेला कागद सुट्टा केला, द्रावणात खळबळून त्यातला गाळ पांढऱ्या कापडावर ओतला. कापड उन्हात धरले तर त्यावर चकाकणारे कण. ॲल्युमिनियमचे असतील तर चुंबकाला चिकटत नाहीत, त्यांची कारणे वेगळी आणि काही वेळा किरकोळ असतात. मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक कापडाजवळ नेले आणि जवळजवळ सगळे कण उभे राहून त्याकडे सरकले. ते पोलाद होते, चपटे, पापुद्र्यांसारखे, चिमूटभर तरी.

विमानाची निगा राखायला काकांनी एक वयस्क गुजराती मदतनीस ठेवला होता. त्याला बोलावून विचारले, पावसाळ्यात इंजिन कोणी चालवत होते का? त्याच्या चेहऱ्यावर अभिमान उमटला. “हूं ज, बेन. दर शनिवारे,” तो म्हणाला आणि कपाटातून एक वही घेऊन आला. जून ते सप्टेंबर, एकही शनिवार चुकलेला नाही. सुवाच्य गुजराती अक्षरांत तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, तेलाचा दाब, तेलाचे तापमान. प्रत्येक वेळी दहा मिनिटे. तापमानाच्या रकान्यात सगळीकडे एकच शेरा होता: काटा हिरव्या पट्टीच्या सुरुवातीला. कामाचा माणूस होता तो, नोंदी खोट्या नव्हत्या, आणि त्याच नोंदींनी मला इंजिनाचा रोग सांगितला.

इंधन जळते तेव्हा पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोलाच्या ज्वलनातून सुमारे एक लिटर पाण्याची वाफ. बहुतेक वाफ एक्झॉस्टमधून जाते, थोडी पिस्टनच्या कड्यांजवळून खाली उतरून तेलात मिसळते. तेल ७४ अंश सेल्सिअसच्या वर जाऊन काही काळ तिथे टिकले तर ते पाणी पुन्हा उडून जाते. आकाशात एक तास उडालेल्या विमानात ते होते. हँगरासमोर दहा मिनिटे मंद फेऱ्यांवर उभ्या असलेल्या विमानात ते होत नाही; पाणी तेलातच राहते, ज्वलनाच्या अवशेषांशी मिळून आम्ल तयार होते आणि पुढचा आठवडाभर ते पोलादावर बसून राहते. त्यात वडोदऱ्याच्या श्रावण-भाद्रपदाची हवा. लायकॉमिंगच्या इंजिनात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट पुढचा पंखा फिरवणाऱ्या क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला आहे, त्यामुळे इंजिन बंद झाले की कॅमवरचे तेल हळूहळू ओघळून खाली जाते आणि सगळ्यांत आधी कॅम उघडा पडतो. जमिनीवर चालवणे म्हणजे उडवण्याला पर्याय नव्हे, हे निर्मात्यांनी लेखी सांगून ठेवले आहे. पंखा हाताने फिरवून ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात, तोही त्यांनी नाकारला आहे, कारण त्याने उरलेसुरले तेलही पुसले जाते. इंजिन अजिबात सुरू न करता, संरक्षक तेल भरून आणि प्लगांच्या जागी हवेतला ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या डिहायड्रेटर बुचा बसवून चार महिने ठेवले असते तर ते सुखरूप राहिले असते. मदतनीसाने मनापासून केलेली सेवाच इंजिनाला भोवली होती.

काका दुपारी आले. मी कापड, चुंबक आणि वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांचा पहिला प्रश्न स्वाभाविक होता: “ताई, इंजिन तर छान चालतंय. कॉम्प्रेशनही तुम्हीच उत्तम म्हणालात. मग?” कॅमची झीज कॉम्प्रेशनच्या चाचणीत दिसतच नाही, कारण ती चाचणी दोन्ही झडपा बंद असताना होते, आणि कॅमचे काम झडप उघडण्याचे असते. आवाजातही सुरुवातीला फरक पडत नाही. हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते पटले असे मला वाटले नाही, आणि त्यांनी निव्वळ माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा अशी माझी अपेक्षाही नव्हती.

म्हणून मापे घेतली. कॅमची ढकल झडपेकडे पोचवणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटमधले तेल काढून टाकले, डायल गेज लावले आणि पंखा हाताने सावकाश फिरवत प्रत्येक झडप किती उघडते ते कागदावर उतरवले. चारही एक्झॉस्ट झडपा सारख्या निघाल्या. मागच्या दोन सिलिंडरांच्या, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्याच्या इनटेक झडपा इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी उघडत होत्या, आणि दोन्ही जवळपास सारख्याच कमी. या इंजिनात समोरासमोरच्या दोन सिलिंडरांच्या इनटेक झडपा एकाच लोबवर, म्हणजे कॅमशाफ्टच्या एकाच उंचवट्यावर, चालतात. त्या लोबला दुप्पट काम असते आणि तोच आधी जातो. संध्याकाळपर्यंत आम्ही तिसरा सिलिंडर उतरवला. टॉर्चच्या उजेडात लोबचे टोक गोल झालेले दिसत होते आणि त्याखालच्या टॅपेटच्या तोंडावर खड्डे पडले होते.

मी भिंग काकांच्या हातात दिले. त्यांनी पाहिले, मग भिंग बाजूला ठेवून टॉर्च तिरपी धरली आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिले. तीस-पस्तीस वर्षे ज्याने शाफ्टचे पृष्ठभाग तपासले त्याला पुढचे सांगावे लागत नाही. “पिटिंग,” ते म्हणाले. “आमच्याकडे असा शाफ्ट आला असता तर मी तो भंगारात टाकला असता.”

जळगावचा विषय त्यांनी स्वतःच काढला. वडोदरा ते जळगाव सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आत आहे, सेस्नाला दीड तासाची वाट. पण ती रेषा सरदार सरोवराच्या पाण्यावरून जाते आणि त्यापुढे अक्राणी-धडगावच्या डोंगरांवरून, जिथे एकच इंजिन असलेल्या विमानाला उतरायला सपाट शेत मिळणे अवघड. झिजलेला लोब पहिल्याच उड्डाणात दगा देतो असे नाही. महिनोन्महिने तशीच चाललेली इंजिने मी पाहिली आहेत. पण निघालेले पोलाद तेलाबरोबर बेअरिंगांत फिरत राहते आणि ते कधी अडकेल हे कोणालाही सांगता येत नाही. मी सही करणार नव्हते, आणि त्यांनी मला तसे विचारलेही नाही. नोंदवहीत विमान उड्डाणास अयोग्य असल्याचा शेरा लिहिला, तारीख घातली. काका सुरतमार्गे रेल्वेने जळगावला गेले.

इंजिन उतरवून ओव्हरहॉलला पाठवले. कॅमशाफ्ट बदलायचा तर क्रँककेस उघडावीच लागते, आणि ती उघडली की बेअरिंगा, ऑइल पंप, तेलाचे मार्ग सगळेच पाहावे लागते. नुसता कॅम बदलून भागवण्याचा आग्रह धरणारे मालक असतात, काका त्यांतले नव्हते. शेवटच्या ओव्हरहॉलनंतर ते इंजिन सातशे तासही चालले नव्हते. निर्मात्याने दिलेली मर्यादा २००० तासांची किंवा १२ वर्षांची आहे, यातले तास काकांना वाया गेल्यासारखे वाटले असतील. इंजिन परत आले ते उन्हाळा तापल्यावर. सुरुवातीला साधे खनिज तेल घालून, पिस्टनच्या कड्या नीट बसेपर्यंत ते जोरात चालवायचे असते. ती उड्डाणे काकांनी नर्मदेच्या दिशेने, भरूचच्या अलीकडपर्यंत जाऊन केली आणि मार्गात विमानतळ नजरेच्या टप्प्यात ठेवला.

पुढच्या जूनमध्ये आम्ही विमान रीतसर मिटवले: संरक्षक तेल, डिहायड्रेटर बुचा, एक्झॉस्टची आणि हवेच्या वाटेची तोंडे बंद, पंख्याला “फिरवू नये” अशी पाटी. मदतनीसाला आता शनिवारी बुचांतल्या गोळ्यांचा रंग पाहायचा असतो. निळ्याच्या गुलाबी झाल्या की मला फोन करायचा. वही तो अजून ठेवतो. पण त्याचे समाधान झालेले नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी फोनवर रंग सांगून झाला की तो विचारतो, “बेन, पाच ज मिनिट चालू करूं?”