किमतीच्या लेबलाखाली

“ताई, पुढच्या सीटवर बसवा, म्हणजे बाळ तुमच्या नजरेसमोर राहील,” असे कर्वे रस्त्यावरच्या दुकानातील विक्रेत्याने अगदी आपुलकीने सांगितले.

आमच्या ५ महिन्यांच्या लेकीसाठी कार सीट, म्हणजे गाडीत बाळाला बांधून बसवायची खास खुर्ची, पाहत होतो. सीटच्या कडेला एक इशारा होता आणि त्यावरच किमतीचे लेबल चिकटवलेले होते. ते नखाने सोलून काढले, तेव्हा खालचे चित्र दिसले: एअरबॅग, त्यासमोर बाळ आणि त्यावर लाल काट.

तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. समोरून धक्का बसला, तर गाडीच्या मागच्या बाजूला तोंड केलेली सीट डोके, मान आणि पाठ यांना एकत्र आधार देते. म्हणूनच मुलांच्या कार सीटसाठी असलेल्या युरोपातील आर १२९ मानकानुसार १५ महिन्यांपर्यंत बाळाला असेच बसवावे लागते, तेही चालू एअरबॅगसमोर कधीच नाही. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार मुलांना सुरक्षितपणे न बांधता नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

त्या माणसाच्या मनात खोट नव्हती, हे मला ठाऊक आहे. परंतु त्याला हे कोणी शिकवलेच नसेल, तर माझ्याआधी तिथून सीट नेलेल्या आईबाबांनी ती कुठे बसवली असेल?