पॅरिस ते शार्त्र: पेंटेकॉस्टची पायी वारी

पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी पॅरिसहून निघायचं आणि सोमवारी शार्त्रच्या कॅथेड्रलला पोहोचायचं. सुमारे 100 किलोमीटर चाल, रात्री तंबूत मुक्काम. 1983 पासून ही पदयात्रा निघते, आता हजारो लोक चालतात. आपल्या दिंड्यांसारख्याच इथे तुकड्या असतात. पुढे झेंडा, सोबत एक फादर. माझ्यासमोरच एक तरुण फादरांना घेऊन जरा मागे राहिला. फादरांनी खिशातून जांभळा स्टोल, म्हणजे फादरांचा गळपट्टा, काढून गळ्यात घातला, मान तिरकी करून कान दिला आणि त्या मुलाचं पापनिवेदन चालता चालताच झालं. वेग मात्र कुणीच कमी केला नाही!

पहिला दिवस पायांची परीक्षा बघतो. त्याबद्दल फार लिहीत नाही, फोड सगळ्यांनाच येतात.

पेंटेकॉस्ट म्हणजे येशूच्या पुनरुत्थानानंतरचा पन्नासावा दिवस. यहुद्यांच्या सणासाठी यरुशलेमेत देशोदेशीचे लोक जमले होते. येशूचे शिष्य एका घरात बसले होते. वाऱ्याच्या सुसाट्यासारखा नाद झाला, अग्नीच्या जिभा दिसल्या, पवित्र आत्मा उतरला. मग हे गालीली लोक बोलू लागले आणि पार्थी, मेदी, अरब, ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू येऊ लागलं. काहींनी टर उडवली, हे प्यायलेत म्हणून. त्यांच्यातला पेत्र म्हणाला, अहो, आत्ता कुठे सकाळचे नऊ वाजलेत! बायबलमधलं हे उत्तर मला फार आवडतं. त्याच दिवशी सुमारे 3,000 जणांनी बाप्तिस्मा घेतला.

इथली मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, मात्र जुन्या पद्धतीची, लॅटिनमध्ये. वसईत मराठी मिस्सेत वाढलेल्या मला हे खटकलं. यरुशलेमेतल्या त्या पहिल्या पेंटेकॉस्टच्या गर्दीत लॅटिनवाल्या रोमहून आलेले लोकही होते, पण अनेकांतले एक म्हणून. तरी रविवारी उघड्यावर, लाल वस्त्रातल्या फादरांसमोर हजारोंनी ‘वेनि सांक्ते स्पिरितुस’ (ये, पवित्र आत्म्या) हे गीत धरलं तेव्हा अंगावर काटा आला, हेही खरं. दुपारी रोजरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, गौरवाच्या तिसऱ्या रहस्याला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनालाच, आमच्या तुकडीने मला पुढे केलं. मी नमो मरिया मराठीत म्हटली, उत्तरार्ध त्यांनी फ्रेंचमध्ये. कुणाचंही अडलं नाही.

सोमवारी बोसच्या सपाट गव्हाच्या शेतांपलीकडे शार्त्रचे दोन मनोरे दिसतात. दिसतात, पण जवळ काही येत नाहीत. 1912 मध्ये कवी शार्ल पेगी मुलाच्या आजारपणातला नवस फेडायला याच कॅथेड्रलला चालत आला होता. पेंटेकॉस्टची वाट मरियेच्या देवळाशी का संपावी? प्रेषितांसोबत प्रार्थनेत तीही होती, म्हणून.

कॅथेड्रलमध्ये एवढी माणसं मावत नाहीत. बाहेर माझ्या शेजारच्या फ्रेंच बाईंचं म्हणणं, इतक्या देशांचे लोक येतात, म्हणून तर एक लॅटिन बरी. मी म्हटलं, पेत्राला हे पटलं नसतं. स्टेशन येईपर्यंत आमचा वाद चालला.