क्लबचा कारभार पोरांच्या हाती

कॅलिफोर्नियातल्या बहुतेक शाळा ऑगस्टच्या मध्यावर उघडतात. तिकडे महाराष्ट्रात त्या सुमारास गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं फिरत असतात आणि इकडे सॅन होजेच्या हायस्कुलांमध्ये क्लबवाली मुलं आपापली टेबलं मांडायच्या तयारीत असतात. हायस्कूल म्हणजे इथे नववी ते बारावी. शाळा जरा रुळली की एका मधल्या सुट्टीत पटांगणात 'क्लब रश' भरतो. बुद्धिबळ, रोबोटिक्स, वादविवाद, कोरियन नाच, बागकाम, सगळ्यांची टेबलं ओळीने लागतात आणि नववीतली नवी मुलं त्यांच्यामधून फिरत नावं नोंदवतात. त्या ओळीत दोन-तीन टेबलं सेवेच्या क्लबांची असतात. माझी लेक यंदा अकरावीत आहे आणि त्यातल्या एका क्लबची, 'की क्लब'ची, सेक्रेटरी आहे. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्या घरात दुसरा विषय नसतो.

फोनवर बोलताना नातेवाईक विचारतात, "तिकडे मुलांना सेवेचे तास भरावे लागतात ना, कॉलेजसाठी?" भरतात, हे खरं आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच. पण मला आवर्जून सांगावंसं वाटतं ते वेगळंच. हे क्लब खरोखर मुलं चालवतात. मोठी माणसं असतात, पण बाजूला. गेली दोन वर्षं हे जवळून पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की मुलं जे शिकतात, ते या कारभारातूनच शिकतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. किवानिस ही रोटरी-लायन्ससारखीच मोठ्या माणसांची सेवासंस्था, १९१५ साली डेट्रॉइटमध्ये निघालेली. तिच्या सदस्यांनी मे १९२५ मध्ये सॅक्रामेंटो हायस्कूलमध्ये मुलांसाठी पहिला की क्लब काढला. सॅक्रामेंटो आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, म्हणजे हे इथलंच रोप. पुढे लायन्सचे लिओ क्लब १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झाले आणि रोटरीचे इंटरॅक्ट क्लब १९६२ मध्ये फ्लोरिडात. इंटरॅक्ट हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी पुण्या-मुंबईच्या शाळांमध्ये ऐकलं असेल. की क्लबमध्ये पहिली पन्नासेक वर्षं फक्त मुलगे होते, मुलींना प्रवेश मिळाला तो १९७० च्या दशकात. आज लेकीच्या क्लबची अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार तिघीही मुली आहेत.

पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका होतात आदल्या वसंतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाषणं, मतदान, आणि मग जुन्यांनी नव्यांना काम समजावून द्यायचं. आसपासच्या शाळांचा मिळून एक विभाग असतो, त्याचा प्रमुख हायस्कूलचाच विद्यार्थी. कॅलिफोर्निया, नेवाडा आणि हवाई मिळून एक डिस्ट्रिक्ट, त्याचा गव्हर्नर विद्यार्थी. आणि थेट वर, आंतरराष्ट्रीय अध्यक्षसुद्धा शाळेतच शिकणारा मुलगा किंवा मुलगी. शाळेतल्या एक शिक्षिका सल्लागार म्हणून असतात. त्यांच्या वर्गात बैठक होते तेव्हा त्या मागच्या बाकावर बसून वह्या तपासत असतात. मुलांनी काही विचारलं तर सांगतात, एरवी मधे पडत नाहीत.

क्लब रशच्या आदल्या रविवारी हे सगळं कार्यकारी मंडळ आमच्याकडे जमलं होतं. मी पोहे केले आणि स्वयंपाकघरातून ऐकत राहिले. टेबलावर तीन घड्यांचा पुठ्ठ्याचा बोर्ड, त्यावर चिकटवायचे गेल्या वर्षीचे फोटो, गोळ्यांची बरणी. पण खरा वाद चालला होता नोंदणीच्या फॉर्मवर. खजिनदार म्हणत होती, फॉर्म छोटा ठेवू, नाव आणि इयत्ता पुरे. उपाध्यक्षाला आवडीनिवडी विचारायच्या होत्या. अध्यक्ष मुलगी बारावीतली, शांत स्वभावाची. ती म्हणाली, "शनिवारी सकाळी क्लबच्या कामाला तू घरून कसा येशील, हे विचारायलाच हवं." तिने गेल्या वर्षीची हजेरी काढून दाखवली. ऑगस्टमध्ये हौसेने नाव देणारी निम्मी मुलं ऑक्टोबरपर्यंत दिसेनाशी होतात. तिने त्यातल्या काहींना गाठून कारण विचारलं होतं. कुणाला कंटाळा आला नव्हता. आई-वडील शनिवारीही कामावर, घरात एकच गाडी, बस सकाळी तासाला एक. एवढंच.

हा येण्याजाण्याचा प्रश्न तुम्हाला तिथून किरकोळ वाटेल, पण इथे तो फार मोठा आहे. सोळाव्या वर्षी मुलांना गाडीचा परवाना मिळतो खरा. मात्र कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलांना पहिले बारा महिने वीस वर्षांखालच्या कुणाला गाडीत घेता येत नाही. शेजारी आई-वडील किंवा पंचविशीच्या पुढचं परवानाधारक माणूस हवं. म्हणजे सोळा वर्षांची पोरगी स्वतः येईल, पण वाटेतल्या मैत्रिणीला उचलू शकणार नाही. रिक्षा करून ये म्हणायची सोय नाही. म्हणून फॉर्मवर तो प्रश्न आला. शिवाय पालकांसाठी वेगळी यादी केली: कुणाच्या गाडीत किती जागा, कोण कुठल्या भागातून निघणार. माझी जागा तिथे पक्की झाली. मागे दोन, पुढे एक, आणि डिकीत हातमोज्यांचं खोकं.

पैशांची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. सरकारी शाळेतल्या विद्यार्थी संघटनेच्या खात्यातले पैसे खर्च करायचे तर कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्याप्रमाणे खर्चाआधी तिघांची मंजुरी लागते: शाळा जिल्ह्याने (म्हणजे इथल्या स्थानिक शिक्षण मंडळाने) नेमलेला कर्मचारी, सल्लागार शिक्षक आणि विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. मुलाची सही शोभेपुरती नसते. ती नसेल तर खर्चच होत नाही. क्लबला टी-शर्ट करायचे होते. खजिनदार पोरीने तीन ठिकाणचे भाव काढले, बैठकीत ठराव मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, हात वर झाले, माझ्या लेकीने इतिवृत्तात लिहिलं आणि तो कागद मंजुरीला गेला. दहा डॉलरच्या टी-शर्टासाठी एवढा सोपस्कार कशाला, असं त्यांच्यातल्याच एका मुलाने विचारलं. खजिनदार म्हणाली, "पैसे सगळ्यांचे आहेत, म्हणून." पंधरा वर्षांची मुलगी हे इतकं सहज बोलली, मला तिचं फार कौतुक वाटलं.

वर्षातलं पहिलं मोठं काम येतं सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी. त्या दिवशी कॅलिफोर्नियाभर किनारा सफाईचा दिवस असतो, १९८५ पासून. सॅन होजेला समुद्रकिनारा नाही, पण इथला ग्वाडलूप नदीतला आणि कायोटी क्रीकमधला कचरा शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जातो. म्हणून सफाई नदीकाठी. ही ग्वाडलूप नदी शहराच्या ऐन मध्यातून वाहते आणि शरदात तिच्यात चिनूक सामन मासे अंडी घालायला वर चढून येतात. लेकीने हे नव्या मुलांना काठावर उभं राहून सांगितलं, तेव्हा बरेच जण वाकून पाण्यात पाहू लागले.

अठराच्या आतल्या प्रत्येकाच्या हमीपत्रावर पालकांची सही लागते. ती कागदं तपासायला एक मुलगी फाटकाशी बसलेली. आत हातमोजे, बादल्या, चिमटे. प्लास्टिकच्या पिशव्या कमी लागाव्यात म्हणून बादल्या घरून आणायला सांगितलं होतं. आणि प्रत्येक गटाला एक नोंदीचा कागद. सिगारेटची थोटकं, बाटल्यांची झाकणं, खाऊची वेष्टनं, स्ट्रॉ, असे रकाने. कचरा उचलायचा आणि उचलताना मोजायचाही. या नोंदी गोळा होऊन पुढे जातात आणि कुठल्या वस्तूवर निर्बंध हवेत याच्या चर्चेत वापरल्या जातात. त्यामुळे नोंद करणाऱ्याला उचलणाऱ्याइतकाच मान.

आमच्या गाडीतून त्या दिवशी नाशिकहून जुलैत आलेला एक मुलगा होता, नववीतला. वडिलांची बदली झाली म्हणून आलेला. शाळेत अजून कुणाशी फारसं बोलत नव्हता. गाडीत मी मराठीत विचारलं तर "हो काकू", "नाही काकू", एवढंच. लेकीने त्याच्या हातात नोंदीचा कागद दिला. झालं, आता त्याच्या गटातल्या चौघांना दर दोन मिनिटांनी त्याच्याकडेच यावं लागणार. "दोन झाकणं!" "थोटकं सात, नाही, आठ!" तो पाच-पाचच्या रेघा ओढून मोजत होता, चार उभ्या आणि पाचवी आडवी, आपल्याकडे आंबे मोजताना ओढतात तशा. एका मुलीने विचारलं, हा फोमचा तुकडा कशात धरायचा? त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, मुळात कप असेल तर कपात, नाहीतर तुकड्यांत. तासाभराने तो त्यांना ओरडून सांगत होता की झुडपाखालचं राहिलंय. काम संपल्यावर पाचही जणांनी तो कागद हातात धरून फोटो काढला.

लेकीला परतताना विचारलं, मुद्दाम दिलास का त्याला? ती म्हणाली, "आई, जो कुणाला ओळखत नाही त्याला असं काम द्यायचं, की सगळे त्याच्याकडे येतील. आम्हाला मागच्या सेक्रेटरीने सांगितलं होतं." म्हणजे ही युक्ती एका वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे आलेली. कुठल्याही पुस्तिकेत मी ती वाचलेली नाही.

दुसरं नेहमीचं ठिकाण म्हणजे सेकंड हार्वेस्ट ही अन्नपेढी. १९७४ पासूनची, सांता क्लारा आणि सॅन मटेओ या दोन काउंटींना धान्य-भाजी पुरवणारी. सिलिकॉन व्हॅलीत, जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांच्या शेजारी, इतक्या लोकांना अन्नपेढीची गरज पडते हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. घरभाडंच एवढं आहे की दोघं कमावत असूनही महिनाअखेर ओढाताण होते. गोदामात माणसाच्या छातीपर्यंत येणारी खोकी संत्र्यांनी, गाजरांनी भरलेली असतात. मुलं भोवती उभी राहून निवडतात. चांगलं पिशवीत, सडलेलं बाजूला. निवडायचा निकष तिथल्या ताईंनी एका वाक्यात सांगितला: तुमच्या घरी खाल का? सालीवर डाग आहे पण आत ठीक, तर खाल. मऊ पडलंय, बुरशी आहे, तर नाही. मुलं त्यानंतर एकेक संत्रं हातात फिरवून बघत होती. घाईत टाकाटाकी कुणी केली नाही.

आता तासांबद्दल. की क्लब सदस्यांनी वर्षाला पन्नास तास काम करावं अशी अपेक्षा ठेवतो. मेरीलँड राज्यात तर हायस्कूल उत्तीर्ण व्हायलाच पंचाहत्तर तास सेवा-शिक्षण सक्तीचं आहे. कॅलिफोर्नियात राज्याची अशी अट नाही, पण कॉलेजच्या अर्जात रकाना असतो आणि सगळ्यांना तो माहीत असतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये टेबलाशी येणाऱ्यांत "किती तास मिळतील?" असं पहिल्यांदा विचारणारे पुष्कळ. आपले देशी पालक यात पुढे असतात, हेही खरं. मला यात वावगं वाटत नाही. मूल कुठल्या कारणाने आलं याला फार महत्त्व देऊ नये, आल्यावर त्याच्या हाती काय दिलं हे पाहावं. तासांसाठी आलेली खजिनदार आज भावांची चौकशी करते आहे, आणि तिचे तास केव्हाच पुरे झालेत.

मी स्वतः कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत होते. एनएसएस सुरू झालं २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांमध्ये. तिथेही वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. गावात जाऊन वनराई बंधारा घातला, पहाटे प्रभातफेरी काढली, रात्री गावकऱ्यांबरोबर पिठलं-भाकरी खाल्ली. ते दिवस मी विसरणार नाही आणि त्या शिबिराने मला खूप दिलं. पण गाव कुठलं, किराणा किती, गाडी कुणाची, पैसे कशावर, हे सगळं सरांनी ठरवलेलं असे. आम्ही घमेली उचलली. कारभार आमच्या हाती आला असता तर आम्ही तोही पेलला असता, असं आज या मुलांकडे पाहून वाटतं. आपल्याकडची गणेश मंडळाची पोरं पेलतातच की. वर्गणी, मांडव, पोलिसांची परवानगी, विसर्जनाचा ट्रक, सगळं तीच सांभाळतात. मग शाळा-कॉलेजच्या सेवेतच त्यांच्यावर विश्वास ठेवायला आपण का कचरतो? तुमच्यापैकी कुणी एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी किंवा शाळेत शिक्षक असाल, तर यंदाच्या शिबिराचा किराणा मुलांना ठरवू द्या. हिशेब त्यांना लिहू द्या, खाली त्यांची सही घ्या.

सफाईनंतरच्या बैठकीचं इतिवृत्त लेकीने मला वाचायला दिलं. लहान मापाचे हातमोजे कमी पडले, पुढच्या वेळी जास्त आणायचे. नव्या सदस्यांतले काही लवकर निघून गेले, म्हणून यापुढे प्रत्येक जुन्याने दोन नवे सोबत घ्यायचे. हॅलोवीनला युनिसेफसाठी पैसे गोळा करायचे आहेत. अमेरिकेतली मुलं हे १९५० पासून करत आली आहेत. त्याच्या नारिंगी डब्यांचं वाटप कोण करणार, असा शेवटचा मुद्दा. पुढे नाव लिहिलं होतं, नाशिकच्या त्या मुलाचं. डब्यांचा हिशेबही तोच ठेवणार आहे.