कातळावरची बोली : नोंदवही, खेप चौथी

कातळारोहणातल्या उसन्या शब्दांची मुळं एकेका कार्डावर लिहायची, असा हा उद्योग. या खेपेला रॅपल, बिले, जुमार, प्रुसिक, रेडपॉइंट आणि गॅस्टन हातावेगळे झाले. कार्डावर एक रकाना वाढवला आहे, 'फसगत'. शब्दाचं मूळ विसरल्यामुळे कातळावर काय चुकतं, ते तिथे लिहायचं. पुण्यात हे शब्द कोर्समधून नाहीतर सीनिअर मंडळींच्या तोंडून येतात आणि वाटेत अर्थ गळतो.

सगळ्यात भरलेलं कार्ड रॅपलचं, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याचं. फ्रेंचमध्ये याचा अर्थ परत बोलावणं. कुणाला, तर दोराला! 'रॅपल मारला' म्हणताना आपलं लक्ष उतरण्यावर असतं. शब्दाचा जोर मात्र नंतर दोर ओढून घेण्यावर आहे. ड्यूक्स नोज काय किंवा तैलबैला काय, घोळ तिथेच होतो. दोन दोर गाठीने जोडलेले असतात आणि कुठला ओढायचा हे खाली पोचल्यावर कुणालाच आठवत नाही. उलटा ओढला की गाठ अँकरच्या, म्हणजे वर दोर ओवलेल्या आधाराच्या, रिंगेत बसते. म्हणून गाठ कुठल्या रंगाच्या बाजूला आहे ते निघण्याआधी मोठ्याने म्हणायचं. पहिल्याने खाली पोचून हातभर दोर ओढून दाखवायचा. सरकत नसेल तर वर माणूस आहे तोवरच गाठ कड्याच्या धारेखाली घ्यायची. सगळे उतरले की ओढण्याआधी दोराच्या खालच्या टोकाला मारलेली गाठ सोडायची, कारण विसरलेली तीच गाठ वर जाऊन अडकते. ओढताना बाजूला उभं राहा. दोराबरोबर दगडही 'परत' येतात.

बिले, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणं, हा शब्द जहाजावरून आलेला. दोर खुंटीला वेढे देऊन अडकवणं म्हणजे बिले. भार घर्षण पेलतं, खलाशी फक्त मोकळं टोक धरून असतो. ब्रेकचा हात, म्हणजे मोकळं टोक धरलेला हात, सोडायचा नाही, यामागे एवढंच आहे.

जुमार, म्हणजे दोरावर चढायचा चिमटा, इतका रुळलाय की मराठीच वाटावा. तो युसी आणि मार्टी या दोन स्विस आडनावांची जोडाजोड आहे, साल 1958. मुळात उच्चार 'युमार', पण आता तसा हट्ट धरू नये, कड्यावर हसतील.

प्रुसिक हे ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकचं आडनाव. दोराला वेढून भार आला की आवळणारी ही गाठ त्याने 1931 मध्ये मांडली. 10 ते 11 मिमीच्या दोरावर 6 मिमीची कॉर्ड, तीन वेढे, एकमेकांवर न चढलेले. दोराच्या मानाने कॉर्ड जाड घेतली की गाठ नीट चावत नाही, घसरू शकते. ओल्या दोरावर एक वेढा वाढवावा. भार येण्याआधी वेढे बोटांनी सारखे करून गाठ आवळायची. हे टाळलं की पहिल्या झटक्यालाच वीतभर खाली.

रेडपॉइंटचा जन्म जर्मनीतल्या फ्रँकेनयुरात, 1975 च्या सुमारास. कुर्ट आल्बर्ट जुन्या मेखा टाळून चढायचा, वगळलेल्या मेखेवर लाल फुली मारायचा. सगळा मार्ग मेखांना न लटकता झाला की पायथ्याशी लाल ठिपका. मधे एकदा दोरावर बसून विश्रांती घेतली आणि उरलेलं चढलो, याला आपल्याकडे सर्रास रेडपॉइंट म्हणतात. ठिपका असा मिळत नाही. खाली या, दोर ओढून घ्या, पुन्हा सुरुवात करा.

गॅस्टन म्हणजे फ्रेंच गिर्यारोहक गॅस्टन रेब्युफा. सरकत्या दाराची फट बोटांनी उघडावी तशी पकड: तळवा बाहेर, अंगठा खाली, कोपर बाहेर. कोपर खांद्याच्या वर गेलं की खांदा दुखावतो. पाय आधी वर घ्यावेत.

'बीटा', म्हणजे मार्ग कसा चढायचा याची आधीच मिळालेली माहिती, अर्धा झालाय. श्रेय अमेरिकेतल्या जॅक मिलेस्कीकडे जातं आणि मूळ बीटामॅक्स कॅसेटमध्ये. पण कुणाला मार्ग स्वतःच शोधायचा असेल, म्हणून आधी विचारल्याशिवाय बीटा देऊ नये, ही नोंद जास्त कामाची.

एका कार्डावर मात्र उसना शब्द नकोच. एक्स्पोजरला, म्हणजे खालची खोल दरी दिसताना वाटणाऱ्या धाकाला, आपला 'दृष्टीभय' आहे. इंग्रजी शब्द उघड्या कड्याबद्दल बोलतो, आपला बघणाऱ्याच्या डोळ्यांबद्दल. रुंद आडव्या वाटेवरसुद्धा गुडघे का थरथरतात, ते त्यात आलं. खोबणी, पावठी, नेढं, घसारा यांची कार्डं पुढच्या खेपेला.