मतपेटीबाहेर राहिलेले सहकारी

आज ठाण्यातील आमच्या महाविद्यालयात विकास समितीवरील शिक्षक प्रतिनिधींची निवडणूक झाली आणि गेली काही वर्षे मनात साचलेला एक प्रश्न पुन्हा समोर आला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार या समितीवर पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले ३ शिक्षक असतात, त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, शिक्षकांच्या जागा अशा विषयांवर ही समिती व्यवस्थापनाला शिफारशी करते, त्यामुळे तिचे सदस्यत्व मी शोभेचे मानत नाही.

मतदान सुरू असताना तासिका तत्त्वावर शिकवणारी एक तरुण सहकारी शिक्षककक्षाच्या दाराशी थांबली होती. ती आमच्याइतकेच वर्ग घेते, उत्तरपत्रिका तपासते, परंतु तिला मताचा अधिकार नाही. सकाळी कळव्याहून आम्ही दोघी एकाच लोकलने आलो होतो, म्हणून तिच्या नजरेला नजर देणे मला अधिकच जड गेले. ज्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते, त्यांना अभ्यासक्रमाविषयी आणि कार्यभाराविषयी काही सांगायचे नसते, असे कसे मानता येईल?

मी निवडून आले आहे. कायद्यातील तरतूद बदलणे माझ्या हाती नाही. मात्र प्रत्येक बैठकीची विषयपत्रिका या सहकाऱ्यांना आधी दाखवून त्यांचे म्हणणे लेखी घ्यायचे आणि ते इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरायचा, असे मी ठरवले आहे. पहिले टिपण तिच्याकडूनच मागितले आहे.